तळ्याकाठचा मुक्काम

आमच्या घरात भांडणं फारशी होत नाहीत, पण झालीच तर प्रवासाच्या आखणीवरून होतात. २०१८ च्या मार्चमध्ये असंच एक झालं. आमची लेक तेव्हा जर्मनीत नोकरीला होती. तिचा फोन आला, "बाबा, जूनमध्ये दोघं या. आठ दिवस स्वित्झर्लंडला जाऊ." मी त्याच संध्याकाळी कपाटावरचा जुना नकाशा खाली काढला. चौतीस वर्षं वर्गात आल्प्स शिकवला, आणि तो पाहिला तो पाठ्यपुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रात. आता जायचंच तर एखाद्या उंच खेड्यात राहायचं, सकाळी खिडकी उघडली की समोर बर्फ दिसला पाहिजे, असा माझा बेत.

पण आदल्या वर्षी हिच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टरांनी सांगितलं, "जा खुशाल. डोंगरावर दोन-चार तास फिरूनही या. पण रात्रीचा मुक्काम उंचावर नको." ही काहीच बोलली नाही. मी मात्र दोन दिवस धुसफुसत होतो. शेवटी लेकीने तोडगा काढला, "मग ल्युसर्नला राहू या. तळ्याकाठी. तिथून रोज हवं तिथे जाता येतं."

खरं सांगतो, मला ती तडजोड वाटली. आल्प्सला जायचं आणि तळ्याकाठी राहायचं, म्हणजे पंगतीला बसून नुसता मठ्ठा पिण्यासारखं! तिकिटं निघाली, आणि मग सवयीप्रमाणे मी त्या गावाचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता माझी चांगलीच जिरली.

ल्युसर्नचं तळं म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतो तसा गोल जलाशय नव्हे. डोंगरांच्या फटींत शिरलेल्या पाण्याचे ते वेडेवाकडे फाटे आहेत. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आणि काठाची उंची समुद्रसपाटीपासून अवघी ४३४ मीटर. म्हणजे पुण्यापेक्षाही खाली! (हे वाचल्यावर मी हिला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग डॉक्टरांना कळवा.") त्यातल्या दक्षिणेच्या फाट्यावर, उरी नावाच्या प्रांतात, दोन्ही बाजूंचे कडे सरळ पाण्यात उतरतात. कड्याच्या पोटातून रस्ता झाला तो १८६५ साली. तोवर ब्रुनेनहून फ्ल्यूएलेनला जायचं तर नावेतून. इटलीकडचा माल गोट्हार्ड खिंड ओलांडून फ्ल्यूएलेनला उतरायचा आणि तिथून नावेत चढून ल्युसर्नला यायचा. व्यापारी, यात्रेकरू, सैनिक, सगळ्यांची वाट तीच. तेव्हा तळं हे त्या मुलखाचं सौंदर्यस्थळ वगैरे पुढे झालं, आधी तो त्यांचा हमरस्ता होता. आणि ल्युसर्न हा त्या रस्त्यावरचा मोठा नाका.

या एका गोष्टीने माझा नकाशा उलटाच झाला. मी समजत होतो की डोंगरात राहिलं म्हणजे डोंगर जवळ येतात. पण त्या काळात डोंगरातल्या एका दरीतून शेजारच्या दरीत जायचं म्हणजे दिवस मोडायचा, आणि तळ्याच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला सगळ्या दऱ्या सारख्याच जवळ! १८३७ साली या पाण्यावर पहिली आगबोट आली, 'श्टाट लुत्सर्न', म्हणजे 'ल्युसर्न शहर'. मग तर हे अंतर आणखीच कमी झालं.

गावानेही वारं ओळखलं. पूर्वी तिथे तळ्याच्या कडेने जाणारा एक लांबलचक लाकडी पूल होता, तीनशे ऐंशी मीटरच्या वर लांब. तो टप्प्याटप्प्याने पाडला, पाण्यात भर घालून फिरायला ऐसपैस रस्ता केला, आणि त्यावर १८४५ साली 'श्वाइत्सरहोफ' हे मोठं हॉटेल उभं राहिलं. पाहुण्यांना समोर डोंगर दिसावेत म्हणून आपला शतकानुशतकांचा पूल मोडायचा, याचं मला बरंच वाईट वाटलं. ज्या लाकडी पुलाचे फोटो आपण कॅलेंडरवर पाहतो तो दुसरा, नदीवरचा. तोही १९९३ च्या ऑगस्टमध्ये जळाला, आढ्याखालची बहुतेक जुनी चित्रं गेली, आणि आठ महिन्यांत त्यांनी पूल पुन्हा उभा केला.

तरी त्या लोकांना नावं ठेवताना जपायला हवं. याच गावात खडकात कोरलेला तो प्रसिद्ध मरणासन्न सिंह आहे, १८२१ साली पुरा झालेला. १७९२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या राजवाड्यावर चालून आलेल्या जमावाशी लढताना राजाच्या पदरचे शेकडो स्विस शिपाई मारले गेले, त्यांचं ते स्मारक. परक्या राजासाठी हे का मेले? तर डोंगरातल्या शेतीत सगळ्या मुलांचं पोट भरत नव्हतं, म्हणून. कित्येक पिढ्या या मुलखाने आपली मुलं भाड्याने लढायला पाठवली. मग एके दिवशी बाहेरचे लोकच पैसे मोजून यांचे डोंगर बघायला येऊ लागले. अशा वेळी कोण जुना पूल धरून बसेल? मी बसलो असतो का, ठाऊक नाही.

समोरचा रिगी हा डोंगर १७९८ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटरने उंच. त्याच्या माथ्यावर १८१६ साली सराई झाली आणि तिथला सूर्योदय पाहायची टूम निघाली. पायी नाहीतर तट्टावरून चढायचं, बायका-म्हाताऱ्यांनी डोलीत बसायचं, रात्री माथ्यावर झोपायचं, पहाटे लाकडी शिंग वाजलं की कुडकुडत बाहेर यायचं. थॉमस कुकने १८६३ साली पहिली स्विस सहल काढली, तीत जेमायमा मॉरेल नावाची यॉर्कशायरची एक बाई होती. तिने लिहिलेल्या रोजनिशीमुळे आपल्याला ती सगळी मंडळी रिगी चढताना दिसतात. (त्याच साली आपल्याकडे बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. इतिहासाच्या मास्तराला असल्या जोड्या लावल्याशिवाय चैन पडत नाही.) मार्क ट्वेनने तर रिगी चढायला तीन दिवस लावले आणि सूर्योदय चुकवला, अशी आपलीच टर त्याने उडवली आहे. ढग आले की माथ्यावरच्या पाहुण्यांना आपली नाकंसुद्धा दिसत नसत. तळ्याकाठच्या माणसाचं बरं, सकाळी वर पाहायचं आणि आज जायचं की नाही ते ठरवायचं.

१८६८ साली व्हिक्टोरिया राणी आली तीही ल्युसर्नलाच राहिली. 'काउंटेस ऑफ केंट' असं नाव घेऊन, तळं दिसेल अशा टेकडीवरच्या घरात. वय एकोणपन्नास, नवरा जाऊन सात वर्षं होत आलेली. लग्नाआधी, १८३७ साली, तरुण आल्बर्टने स्वित्झर्लंडमध्ये फिरताना रिगीवरचं एक फूल वाळवून तिला पाठवलं होतं. एकतीस वर्षांनी ती त्या डोंगरावर गेली. साम्राज्य वगैरे सगळं बाजूला ठेवून मी त्या ओळीशी बराच वेळ थांबलो. त्या महिन्यात आमच्या घरी हिच्या गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

राणीच्या वेळी रिगीवर गाडी नव्हती. ती आणली निक्लाउस रिगेनबाख या इंजिनिअराने. दोन रुळांच्या मधोमध शिडीसारखा दातेरी रूळ, आणि त्यात अडकणारं इंजिनाचं दातेरी चाक. २१ मे १८७१ रोजी, रिगेनबाखच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, व्हिट्सनाउहून युरोपातली पहिली डोंगरावर चढणारी गाडी सुटली. पण गंमत बघा, ती माथ्यापर्यंत गेलीच नाही! ल्युसर्न प्रांताची हद्द माथ्याच्या अलीकडेच संपते, पुढे श्वीत्स प्रांत, आणि तिथला परवाना दुसऱ्या कंपनीकडे. शेवटचा तुकडा १८७३ मध्ये झाला, तोही त्या दुसऱ्या कंपनीला भाडं भरून. दोन्ही कंपन्या एकत्र यायला १९९२ साल उजाडलं. आपल्या निलगिरीच्या गाडीला जे दातेरी रूळ आहेत ते रोमन अॅब्टच्या पद्धतीचे, आणि हा अॅब्ट रिगेनबाखच्याच हाताखाली तयार झालेला.

गाडीमुळे डोलीवाल्यांची मजुरी बुडाली, आणि माथ्यावर रात्र काढायची गरजही हळूहळू उरली नाही. सकाळची बोट, तिला लागून गाडी, संध्याकाळी परत तळ्याकाठी. माथ्यावरची राजवाड्यासारखी हॉटेलं पहिल्या महायुद्धानंतर सावरली नाहीत. १९५० च्या सुमारास ती पाडून माथा मोकळा केला, त्या कामी शाळकरी मुलांनी चॉकलेटची नाणी विकून जमवलेला पैसाही लागला. हे मला फार आवडलं.

आम्ही गेलो तेव्हा व्हिट्सनाउचा धक्का पाहून मी हसलोच. बोटीतून उतरलं की चार पावलांवर लाल गाडी उभी. जिना नाही, चढ नाही. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी हिचा विचार करून ठेवावा तसं. माथ्यावर ही अर्धा तास बाकावर बसली, एकदा म्हणाली, "जरा धाप लागल्यासारखं होतंय." मी आणि लेक एकमेकांकडे पाहिलं आणि पुढच्याच गाडीने खाली आलो. बोटीत बसल्यावर हिने डब्यातला चिवडा काढला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पिलाटसला जायचं ठरलं होतं. जगातली सगळ्यात खड्या चढाची दातेरी गाडी, १८८९ सालची. सकाळी ही म्हणाली, "तुम्ही दोघं जा हवं तर. मला आज डोंगर नको, नुसती बोट हवी." मग तिघंही फ्ल्यूएलेनच्या बोटीत बसलो. १९०६ ची 'शिलर', बाजूला फिरणारी मोठाली चाकं, मधल्या काचेतून खाली पितळी यंत्र दिसतं. शिलरने विल्यम टेलचं नाटक लिहिलं, पण तो स्वतः स्वित्झर्लंडला कधी आलाच नाही, हे मी हिला सांगितलं. "मग कसं काय लिहिलं?" "वाचून. माझ्यासारखं." पुढे रूट्लीचं कुरण येणार होतं, जिथे तीन प्रांतांनी एकमेकांना शपथ दिली अशी कथा आहे. १२९१ चा करारनामा, दंतकथा किती, खरं किती, असं वीस मिनिटांचं व्याख्यान मी तयारच ठेवलं होतं. कुरण डाव्या हाताला की उजव्या, म्हणून मी नकाशा उघडला आणि हिच्याकडे वळलो, तर ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेली. लेकीने ओठांवर बोट ठेवलं. मी नकाशा हलकेच मिटला. फ्ल्यूएलेनला बोट वळेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही.