शुद्धलेखन-तपासणीची साधने, मराठी

लिहिलेला मजकूर मान्य लेखननियमांशी ताडून पाहण्याकरिता वापरले जाणारे कोश, नियमपुस्तिका व संगणकीय आज्ञावली यांना ही संज्ञा लावता येते. अशा साधनाची निवड ही वरकरणी केवळ सोयीची बाब वाटते. परंतु प्रत्येक साधनात कोणते तरी नियम व कोणता तरी शब्दसंग्रह प्रमाण म्हणून गृहीत धरलेला असतो आणि साधन पत्करणारा लेखक तेही नकळत पत्करतो. म्हणून मराठीत हे प्रमाण कसे ठरत गेले, ते प्रथम पाहणे आवश्यक आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी मराठीतील बराचसा लेखनव्यवहार मोडी लिपीत चाले आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे. आज ज्या चुकांसाठी विद्यार्थ्याचे गुण कापले जातात, त्यांपैकी बऱ्याच चुका पेशवाईतील कारकुनाला चुका वाटल्याच नसत्या. छपाई सुरू झाल्यावर मात्र एकरूपतेची गरज भासू लागली. विल्यम केरी (१७६१–१८३४) यांचे मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूर येथे प्रसिद्ध झाले. त्यांना साहाय्य करणारे वैजनाथ पंडित हे नागपूरकडील होते, असे मानले जाते. म्हणजे मराठी छपाईच्या पहिल्या पर्वात विदर्भाच्या भाषेला काही स्थान होते. पुढे शिक्षण, कोश व व्याकरण यांची केंद्रे मुंबई-पुण्याकडे गेली. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दादोबा पांडुरंग (१८१४–८२) यांचे व्याकरण (१८३६) यांनी पश्चिम महाराष्ट्रातील शिष्ट वळण दृढ केले. व्याकरणाच्या मांडणीवर संस्कृतची छाप असल्याने तत्सम व तद्भव शब्दांना निरनिराळे नियम लावण्याची प्रथाही रूढ झाली. मराठी शुद्धलेखनातील अवघडपणाचे मूळ मुख्यतः याच प्रथेत आहे.

पुढचा मोठा वाद अनुस्वारांचा. साने, गोडबोले व हातवळणे यांनी सुचविलेल्या सुधारणांच्या संदर्भात लोकमान्य टिळकांनी १९०४ साली ‘केसरी’त लेखमाला लिहिली. उच्चारात नसलेला अनुस्वार व्युत्पत्तीखातर ठेवावा की काढावा, हा प्रश्न त्यानंतरही अर्धशतक रेंगाळला. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुणे, मुंबई व मराठवाडा येथील संस्थांबरोबरच नागपूरचा विदर्भ साहित्य संघही त्यात घटक होता. महामंडळाने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले, ‘कवि’, ‘गुरु’ हे शब्द स्वतंत्रपणे लिहिताना ‘कवी’, ‘गुरू’ असे दीर्घान्त झाले, समासात पूर्वपदी आले तर मात्र ऱ्हस्व राहिले (उदा., बुद्धिवैभव, लघुकथा). वरोऱ्यातील आनंद निकेतन महाविद्यालय १९६४ साली, म्हणजे नियम मान्य झाल्यावर दोनच वर्षांनी, सुरू झाले. तेथील पहिल्या विद्यार्थ्यांना नवे नियम पाळावयाचे होते आणि ग्रंथालयातील बहुतेक पुस्तके जुन्या लेखनाची असणार, हे उघड आहे. नियमांनीही जुन्या लेखनाचा मान राखला आहे : चिपळूणकरपूर्व गद्य व केशवसुतपूर्व पद्य यांतील उतारे मूळाप्रमाणेच छापावेत, असे त्यांत सांगितले आहे. हा भेद शब्दयादीवर चालणाऱ्या यंत्राला आपण होऊन कळत नाही.

संगणकापूर्वी तपासणीचे साधन म्हणजे मुद्रितशोधक. त्याच्या हाताशी मो. रा. वाळंबे यांच्यासारख्यांची व्याकरण-लेखनविषयक पुस्तके असत. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ हे या परंपरेतील नंतरचे व अत्यंत उपयुक्त साधन होय. केवळ मूळ शब्द न देता त्याची सामान्यरूपेही देणे, ही त्याची विशेषता. प्रस्तुत लेखकाच्या मते छापील साधनांपैकी एकच ठेवावयाचे असेल, तर असा रूपे देणारा कोश ठेवावा.

संगणकीय तपासणीचा आरंभ इंग्रजीत झाला. १९६१ च्या सुमारास लेस अर्नेस्ट यांनी सुमारे १०,००० शब्दांची यादी हस्ताक्षरवाचनाच्या आज्ञावलीस जोडली. १९७१ साली स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी स्वतंत्र शब्दतपासनीस तयार केला. यादीत नसलेला शब्द चुकीचा मानावयाचा आणि त्याच्याशी एखाद्या अक्षराने भिन्न असलेले शब्द पर्याय म्हणून सुचवावयाचे, ही त्याची रीत. इंग्रजीत नामाची रूपे मोजकी असल्याने ती पुष्कळशी चालून गेली. मराठीत ती अडते आणि कोठे अडते, हे ‘वरोरा’ या नावावरून चांगले दाखविता येते. यादीत ‘वरोरा’ असला, तरी लेखनात येतो तो ‘वरोऱ्याला’, ‘वरोऱ्याहून’, ‘वरोऱ्यातील’, ‘वरोऱ्यापासूनच’. प्रत्ययांवर शब्दयोगी अव्यये व ‘ही’, ‘च’ यांसारखी अव्यये चढत गेली, की एकाच नामाची शेकडो रूपे होतात. हंगेरियन भाषेची अडचण अशीच होती. तिच्यासाठी लास्लो नेमेथ यांनी रचलेल्या ‘हनस्पेल’ या आज्ञावलीत मूळ शब्द व प्रत्ययांचे नियम वेगळे ठेवता येतात. मुक्त कार्यालयीन आज्ञावली व न्याहाळक यांतील मराठी तपासणी पुष्कळ अंशी याच पायावर उभी आहे. तिचा दर्जा अर्थातच प्रत्ययनियम किती काळजीने लिहिले, यावर अवलंबून राहतो.

याच नावात दुसरी अडचणही दडली आहे. ‘ऱ्या’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होऊ शकतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापासून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते निरनिराळे शब्द वाटतात. ‘वऱ्हाडी’ हा शब्दही त्यामुळे कधी शुद्ध, कधी अशुद्ध ठरतो. कृतिदेव किंवा श्री-लिपी यांसारख्या जुन्या टंकांतील मजकुराची तर तपासणीच होत नाही. कारण त्यात देवनागरी वर्णांचे संकेत नसून अन्य संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले असतात. ज्याच्या लेखनाचा साठा अशा टंकांत आहे, त्याने तपासनीस शोधण्याआधी रूपांतराची सोय पाहावी.

वृत्तपत्रे व जालावरील मजकूर गोळा करून केलेल्या शब्दयाद्यांत निराळा दोष आढळतो. नियमाप्रमाणे ‘नागपूर’चे ‘नागपुरास’ आणि ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते. तथापि ‘नागपूरात’, ‘गरीबाला’ ही रूपे इतकी पसरली आहेत, की वारंवारतेवर विसंबणारे साधन त्यांना निःशंकपणे शुद्ध ठरविते. उलट ‘दिन’ (दिवस) व ‘दीन’ (गरीब), किंवा ‘शिर’ (मस्तक) व ‘शीर’ (रक्तवाहिनी) यांची अदलाबदल झाल्यास साधी यादी गप्प बसते. दोन्ही शब्द तिच्यात असतातच. तेथे वाक्य पाहणारी व्याकरण-तपासणी हवी आणि त्या बाबतीत मराठीची सामग्री इंग्रजीच्या मानाने अजून तोकडी आहे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लेखकापुढचा प्रश्न याहून अधिक नाजूक आहे. वरोरा वर्धा नदीच्या खोऱ्यात, झाडीपट्टीच्या पश्चिमेस येतो. पूर्वेकडे वैनगंगेच्या बाजूस झाडीबोली बोलली जाते. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास व कोशरचना केली असून झाडीपट्टीच्या नाटकांत बोलीतील संवाद आजही रंगमंचावर ऐकू येतात. तिच्यात ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. पात्राच्या तोंडी ‘बान’ लिहिला, की तपासनीस त्याखाली तांबडी रेघ ओढतो. ‘कोन’ मात्र भूमितीतील शब्द म्हणून निमूटपणे सोडून देतो. म्हणजे बोलीला तो ना चूक म्हणून ओळखतो, ना बोली म्हणून. शब्द आपोआप बदलण्याची सोय चालू असेल, तर ‘बान’चा ‘बाण’ होऊन पात्राची जीभच बदलते. १९६२ चे नियम या बाबतीत यंत्रापेक्षा उदार ठरतात. पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ यासारखी उच्चारानुसारी रूपे त्यांनी मान्य केली आहेत.

निवड करताना जाहिरातीतील शब्दसंख्येपेक्षा लहानशी परीक्षा अधिक विश्वसनीय होय. ‘चंद्रपूरात’, ‘गरीबाला’, ‘बुद्धीवैभव’ ही अशुद्ध आणि ‘वरोऱ्याहून’, ‘लघुकथा’, ‘असं’ ही शुद्ध रूपे टंकून पाहावीत. पहिली तिन्ही पकडणारे व दुसरी तिन्ही सोडणारे साधन कामाचे समजावे. वैयक्तिक शब्दकोश जोडता येतो का, तो वेगळ्या धारिकेत काढून दुसऱ्या संगणकावर नेता येतो का आणि मजकूर तपासणीसाठी परक्या संगणकाकडे पाठविला जातो का, हेही पाहावे. अप्रकाशित लेखनाच्या व रुग्णालयीन किंवा न्यायालयीन कागदपत्रांच्या बाबतीत शेवटचा मुद्दा निर्णायक ठरतो. अलीकडील कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वाक्याचा संदर्भ पाहून ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक करू शकतात. मात्र चूक दाखविण्याऐवजी वाक्यच नव्याने लिहून देण्याकडे त्यांचा कल असतो आणि त्या ओघात बोलीतील रूपे प्रथम जातात. त्यांचा उपयोग करावयाचा झाल्यास फक्त चुकांची यादी मागावी, मूळ प्रत वेगळी ठेवावी व प्रत्येक बदल कोशाशी ताडावा. बोलीत लिहिणाऱ्याने आपली शब्दयादी पहिल्या पुस्तकापासूनच जमवावी; ती वैयक्तिक शब्दकोशात घातली, की ‘बान’, ‘पानी’ यांखालील रेघा जातात आणि उरलेल्या रेघा खरोखर पाहण्याजोग्या राहतात.