ओठ न मिटणारे रामायण

मोरोपंतांचे नाव काढले की आमच्या घरातली मुले फराळाची ताटे उचलून माजघरात पळतात. पूर्वी मीही त्यांतलाच. पंत म्हणजे नुसती शब्दांची कसरत, असे ऐटीत म्हणत असे. मत फिरले ते त्यांच्या निरोष्ठ रामायणामुळे.

मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणे रचली, असे मानतात. त्यांतल्या या एकाची अट अशी, की ओष्ठ्य अक्षर येता कामा नये. प, फ, ब, भ, म वर्ज्य! आता तोंडातली चकली संपवून 'राम' म्हणून पाहा. ओठ मिटल्यावाचून 'म' निघतो का? रामकथा सांगायची आणि तीत 'राम' म्हणायचे नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुतीही गेला. सीता तेवढी राहिली. खुद्द 'मोरोपंत' लिहिण्याचीही सोय नाही.

युक्ती जुनीच. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त आपली हकीकत अशीच सांगतो. पण त्याचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी ठणकत असतात. पंतांचे ओठ, माझ्या समजुतीप्रमाणे, धडधाकट होते. मग हा खटाटोप कशाला? मला वाटते, चुकून तोंडी येऊ नये म्हणून ते नाव त्यांना अक्षरागणिक ध्यानात ठेवावे लागले असेल. जपमाळेत तरी याहून अधिक काय होते?

परवा मुलांना ही अट घालून दोन ओळी जुळवायला सांगितल्या. धाकटी बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "पण मग तुम्हांला हाक कशी मारायची, बाबा?"