198 खुर्च्या आणि एक खटला

10 जानेवारी 1955. डॅलसच्या फेअर पार्कमध्ये ‘थिएटर ’55’च्या दारात तुम्ही उभे आहात. दहा दिवसांपूर्वी याच नाट्यगृहाचं नाव ‘थिएटर ’54’ होतं. दर 31 डिसेंबरला मध्यरात्री नाव बदलायचं, ही इथली रीत. नाटक चालू वर्षात जगलं पाहिजे, असा नाट्यगृहाच्या संस्थापक मार्गो जोन्स बाईंचा हट्ट. (आपल्याकडे असतं तर पाटी रंगवण्याच्या बिलावरच दोन बैठका झाल्या असत्या.)

1936च्या प्रदर्शनासाठी एका तेल कंपनीने बांधलेल्या या इमारतीत शिरा. पडदा नाही, विंगा नाहीत. मधे मोकळी जमीन, चहूबाजूंनी मोजून 198 खुर्च्या. पहिल्या रांगेत बसला असाल तर पाय आत घ्या.

अंधार होतो, उजेड येतो. ‘इन्हेरिट द विंड’चा पहिलावहिला प्रयोग. बाहेर जानेवारी, आत नाटकातला उकाडा. नटांच्या हातातले पंखे हलतायत. उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून एक मास्तर आरोपी, टेनेसीतल्या 1925च्या खऱ्या खटल्यावरून बेतलेला. वकील तुमच्याकडे पाठ करतो आणि त्याच्या खांद्यावरून तुम्हाला समोरच्या रांगेतली माणसं दिसतात. ती प्रेक्षक आहेत की खटला बघायला आलेले गावकरी? तुम्हीही त्यांना तसेच दिसत असणार.

लॉरेन्स आणि ली या लेखकद्वयीचं हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील निर्मात्यांनी नाकारलं होतं. कम्युनिस्ट हुडकण्याच्या नावाखाली दहशत पसरवणाऱ्या मॅकार्थीचा सिनेटने निषेध करून जेमतेम सव्वा महिना झालाय, लोक अजून जपून बोलतात. शिवाय एवढी पात्रं! 198 खुर्च्यांच्या गल्ल्यात इतक्या नटांचा पगार कसा निघणार? हे नाट्यगृह ना-नफा संस्था आहे, त्याचा उपयोग इथेच होतो. नफा वाटून घेणारा मालक नाही. वर्षभराची तिकिटं आधीच घेणारे डॅलसकर आणि शहरातले देणगीदार यांच्या पाठबळावर नाटक पडण्याचा धोका घेता येतो. नाटककार टेनेसी विल्यम्सचं ‘समर अँड स्मोक’सुद्धा 1947मध्ये आधी इथेच झालं.

मार्गोबाई ब्रॉडवेवर विल्यम्सच्याच ‘द ग्लास मिनाजरी’चं सहदिग्दर्शन करून आलेल्या, म्हणजे तिथलं गणित त्यांना पाठ. तरी त्या टेक्सासला परतल्या. माझ्या मते अमेरिकन रंगभूमीच्या इतिहासातला हा फार मोठा निर्णय.

एप्रिलमध्ये हेच नाटक न्यूयॉर्कला जाईल, 806 प्रयोग करील. जुलैत मार्गोबाई जातील. घरातल्या गालिच्याच्या सफाईसाठी वापरलेल्या रसायनाच्या वाफांनी. त्यांनी डॅलसमध्ये रंगवलेल्या 85 नाटकांपैकी 57 नवी होती. संस्थाही 1959मध्ये मिटेल. सगळा डोलारा एका बाईच्या खांद्यावर ठेवल्याची ती किंमत. मात्र ह्यूस्टनचं ॲली आणि वॉशिंग्टनचं अरेना स्टेज, त्याच काळात उभी राहिलेली दोन्ही थिएटरं, आजही नवी नाटकं करतात.