सामायिक मेनू (संकेतस्थळरचना)

सामायिक मेनू : संकेतस्थळाच्या सगळ्या पानांवर दिसणारी, पण एकाच फाइलीत लिहून ठेवलेली दुव्यांची पट्टी. भजनाच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापतात आणि पुढे प्रत्येक कडव्याखाली त्याचा पहिला शब्द तेवढा देतात, म्हणणारा बाकीचे आपोआप म्हणतो. तसेच संकेतस्थळाच्या पानात फक्त ‘मेनू इथे आण’ एवढी ओळ असते. वेबरचना शिकणाऱ्याला ही गोष्ट सहसा उशिरा कळते, कारण सुरुवातीला कॉपी-पेस्टने काम भागते.

पोशीर हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, नेरळ–कळंब रस्त्यावरचे गाव. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने सरावासाठी गावाचे संकेतस्थळ करायला घेतले असे धरू. पाने पाच : मुख्यपान, गाव, नदी, शाळा, संपर्क. पहिल्या पानावरचा मेनू उचलून उरलेल्या चारांत चिकटवला की झाले. मग पोशीर नदीवरच्या प्रस्तावित धरणाचे सहावे पान वाढते. आता जुन्या पाचही फाइली उघडून त्यांत एकेक दुवा घालायचा. चार होतात, नदीचे पान राहून जाते. धरणाची माहिती हवी असलेला वाचक नेमका त्याच पानावर येऊन अडकतो. पाने पन्नास झाली की हे काम हाताने करणे निव्वळ हमाली.

यावरचा जुना उपाय म्हणजे फ्रेम. १९९६ मध्ये आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटर २.० पासून खिडकीचे तुकडे करून डावीकडे मेनू आणि उजवीकडे मजकूर ठेवता येऊ लागला. मेनू खरोखरच एकदा लिहिला जाई. मात्र वरच्या पट्टीतला पत्ता बदलत नसे, त्यामुळे आतल्या पानाचा दुवा कुणाला पाठवणे अवघड होई, आणि शोधयंत्रातून थेट आलेल्या वाचकाला मेनूविना उघडे पान दिसे. एचटीएमएल ५ ने फ्रेमसेट कालबाह्य ठरवला. आयफ्रेम मात्र टिकली आणि बारावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकातही ती शिकवली जाते. नकाशा किंवा चलचित्र बसवायला ती ठीक, मेनूसाठी तिच्या वाटेला न गेलेले बरे : दुवा दाबला की नवे पान त्या चिंचोळ्या चौकटीतच उघडते.

रुळलेली पद्धत सर्व्हरवर पान जोडण्याची आहे. पीएचपीत (१९९५) ‘इन्क्लूड’ या एका ओळीने मेनूची फाइल पानात ओढली जाते आणि ब्राउझरकडे सलग, तयार एचटीएमएल पोचते. नवशिका इथे दोन ठिकाणी हमखास अडखळतो. एक, फाइलीचे शेपूट ‘डॉट एचटीएमएल’च राहिले तर साध्या मांडणीत सर्व्हर तिला पीएचपी समजत नाही, आणि ब्राउझर ती ओळ टिप्पणी समजून गिळतो. मेनूच्या जागी काहीच दिसत नाही, चूक झाल्याचा संदेशही नाही. दोन, फाइल डेस्कटॉपवर दोनदा टिचकी मारून उघडली तर सर्व्हर मध्ये येतच नाही. झॅम्पसारखा सर्व्हर यंत्रावर चालू करून पान त्याच्या फोल्डरात ठेवावे आणि ‘लोकलहोस्ट’ने उघडावे लागते. जावास्क्रिप्टच्या ‘फेच’ने मेनू आणतानाही हेच आडवे येते, कारण सुरक्षेसाठी ब्राउझर अशा टिचकीने उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचू देत नाही.

मेनू एकत्र आला की पत्त्यांचा घोळ सुरू होतो. ‘शाळा’ फोल्डरातल्या पानावरून ‘संपर्क’ दाबले की ब्राउझर ते पान शाळेच्याच फोल्डरात शोधतो. पत्त्याच्या आरंभी तिरपी रेघ दिली की शोध संकेतस्थळाच्या मुळापासून होतो. तेच संकेतस्थळ गिटहब पेजेसवर प्रकल्पाच्या उपफोल्डरात चढवले की ही तिरपी रेघच दुवे मोडते. शिवाय मेनू सगळीकडे सारखाच असल्यामुळे वाचक आत्ता कुठल्या पानावर आहे ते वेगळे दाखवावे लागते. चालू पानाच्या दुव्याला ‘एरिया-करंट’ हा गुणधर्म दिला तर पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीनांनाही ते ऐकू येते. नुसता रंग बदलून ही सोय होत नाही.

मराठीतले मोठे आणि कुणालाही उघडून पाहता येणारे उदाहरण मराठी विकिपीडियाचे आहे (आरंभ १ मे २००३). तिथे अशा सामायिक तुकड्याला ‘साचा’ म्हणतात, आणि शब्द नेमका आहे. लेखाच्या तळाशी दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव लिहिले की दुव्यांची चौकट उमटते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. असा बदल जिल्ह्यांच्या साच्यात एकदा केला की तो वापरणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याच्या लेखात दिसू लागतो, कधी थोड्या उशिराने, कारण पाने रांगेने नवी होतात. चालू पानाचा प्रश्नही तिथे आपसूक सुटला आहे : रायगडच्या लेखात चौकटीतले ‘रायगड’ दुव्याविना, ठळक अक्षरांत येते. शिकणाऱ्याने ‘संपादन’ दाबून एखादा साचा आतून जरूर पाहावा, बदल जतन करू नये म्हणजे झाले.

वर्डप्रेस किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची (एनआयसी) एस३वास (रायगड जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ हिच्यावर आहे) अशा यंत्रणांत मेनू फाइलीऐवजी विदागारात असतो आणि कोड न उघडता पडद्यावरून बदलता येतो. वर्डप्रेसमध्ये आजच्यासारखा मेनू बांधण्याची सोय जून २०१० च्या ३.० आवृत्तीपासून आहे. नोकरीसाठी हे उपयोगी. मात्र पहिले संकेतस्थळ यावर केलेल्याला मेनू येतो कुठून ते बहुधा ठाऊक नसते.

फोनवर मेनू तीन आडव्या रेघांमागे दडतो. विकिपीडियाच्या मोबाइल दृश्यात तर लेखाच्या तळाची ती चौकट मुळात दिसतच नाही. ती पाहायची तर पानाच्या अगदी खाली जाऊन ‘डेस्कटॉप’ निवडावे लागते.