प्राणिसंग्रहालयातील छायाचित्रण

प्राणिसंग्रहालयातील छायाचित्रण हा प्राण्यांच्या छायाचित्रणाचा एक प्रकार असून त्यात पिंजऱ्यात किंवा बंदिस्त आवारात ठेवलेल्या वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेतली जातात. प्राणी जवळून व ठरावीक ठिकाणी दिसत असल्याने हौशी छायाचित्रकार येथे सराव करतात. काही नामशेष प्राण्यांची माहिती मिळवण्यासाठीही ही छायाचित्रे महत्त्वाची आहेत.

इतिहास

लंडन प्राणिसंग्रहालयातील ‘ओबेश’ या पाणघोड्याचे १८५२ मधील छायाचित्र या प्रकारातील सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी एक आहे. ते मोंतिसोनचे काउंट हुआन यांनी घेतले. पाणघोडा तळ्याकाठी पहुडलेला असून त्याला पाहायला आलेले लोक पलीकडे गजांआड उभे दिसतात. त्या काळी चित्र उमटण्यास बराच वेळ लागत असल्याने स्थिर प्राण्याचेच स्पष्ट छायाचित्र मिळत असे.

क्वागा ही दक्षिण आफ्रिकेतील झेब्र्याची उपजात होती. तिच्या शरीराच्या पुढील भागावरच ठळक पट्टे असत. जिवंत क्वागाची ज्ञात असलेली पाचही छायाचित्रे लंडन प्राणिसंग्रहालयातील एकाच मादीची आहेत. ती १८७२ मध्ये मरण पावली. शेवटचा ज्ञात क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला.

टास्मानियातील थायलसीन या पट्टेरी शिशुधान प्राण्याचे चित्रीकरण डेव्हिड फ्ले यांनी डिसेंबर १९३३ मध्ये होबार्ट येथील प्राणिसंग्रहालयात केले. शेवटचा ज्ञात थायलसीन तेथेच ७ सप्टेंबर १९३६ रोजी मरण पावला.

तंत्र

जाळी आणि काच या येथील दोन मुख्य अडचणी आहेत. जाळीतून छायाचित्र घेताना लेन्स जाळीच्या शक्य तितकी जवळ नेऊन ॲपर्चर मोठे ठेवले जाते व प्राणी जाळीपासून दूर जाण्याची वाट पाहिली जाते. यामुळे जाळी अतिशय धूसर होऊन चित्रात जवळजवळ दिसेनाशी होते. जाळीवर ऊन पडलेले असल्यास चित्रावर पांढुरका पडदा येतो. म्हणून सावलीतील जागा निवडली जाते. काचेतून छायाचित्र घेताना लेन्सचे रबरी आवरण काचेला टेकवल्यास प्रतिबिंबे टळतात. प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून डोळ्यांवर फोकस साधणे उपयुक्त ठरते. बरेच प्राणी दुपारी विश्रांती घेत असल्याने सकाळची वेळ सोयीची असते.

नियम व नीतिमत्ता

भारतातील वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे यांस मनाई आहे. त्यामुळे छायाचित्रासाठी काचेवर थाप मारणे, शिट्टी वाजवणे किंवा खाद्य दाखवून प्राण्याला जवळ बोलावणे या कृती आक्षेपार्ह ठरतात. फ्लॅशमुळे, विशेषतः निशाचर प्राण्यांना, त्रास होण्याची शक्यता असल्याने अनेक ठिकाणी त्यावर बंदी असते. सुरक्षा कठडा ओलांडणे प्राणी व माणूस या दोघांसाठीही धोकादायक असते.

बंदिस्त प्राण्याचे छायाचित्र जंगलातील म्हणून सादर करणे दिशाभूल करणारे मानले जाते. प्राण्याचा रंग व शरीररचना अशा छायाचित्रातून अभ्यासता येते. मात्र त्याचे वर्तन बंदिवासामुळे बदललेले असू शकते. म्हणून छायाचित्रासोबत प्रजाती, स्थळ, दिनांक आणि प्राणी बंदिस्त असल्याची नोंद आवश्यक ठरते.