धारूरकर (आडनाव)

धारूरकर : मराठी स्थलवाचक आडनाव. बीड जिल्ह्यातील धारूर (किल्ले धारूर) या तालुक्याच्या गावाशी ते जोडले जाते. असे आडनाव कोणत्याही एका जातीचे नसते.

घडण : गावाच्या नावाला ‘कर’ प्रत्यय लागून हे आडनाव बनले. जिल्ह्यातील माजलगावकर, गेवराईकर, धर्मापुरीकर ही आडनावे अशीच सरळ झाली आहेत. चौसाळ्याचे चौसाळकर होताना मात्र शेवटचा स्वर गळतो. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावण्याचे कारण नसते. तिथे तो देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी अशा वतनाच्या किंवा वृत्तीच्या नावाने ओळखला जातो. परगावी बिऱ्हाड केले, की ‘हे कुठले?’ या प्रश्नाचे उत्तरच आडनाव होऊन बसते. काही घराण्यांत मूळ आडनाव मागे पडते, तर काहींत दोन्ही जोडून लावली जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : धारूर बालाघाटच्या डोंगररांगेत वसले आहे. आदिलशाही सरदार किश्वरखान याने 1567च्या सुमारास येथील किल्ला बांधला. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवरील हे ठाणे पुढे निजामशाहीकडे गेले व 1631मध्ये मोगलांनी जिंकले. मोगलांनी त्याचे नाव फतेहाबाद ठेवले. पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला. दप्तरात फतेहाबाद आले, तरी लोकांच्या तोंडी धारूरच राहिले आणि आडनावातही तेच टिकले. निजामी राजवटीत मोमिनाबाद झालेल्या आंबेजोगाईचेही असेच. तिच्यावरून आलेले आडनाव आंबेजोगाईकर असेच आहे. सत्ताधाऱ्यांनी बदललेल्या नावांपेक्षा आडनावे अधिक चिवट ठरतात, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

सप्टेंबर 1948मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला व 1960पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा आणि मतदारयादी यांमुळे, एरवी पिढीगणिक बदलू शकणारी आडनावे या काळात कायमची झाली.

या आडनावाच्या व्यक्तींमध्ये वृत्तपत्रविद्येचे प्राध्यापक वि. ल. धारूरकर यांचा उल्लेख करता येईल. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर ते त्रिपुरा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मूळ शोधताना : केवळ आडनावावरून मूळ गाव ठरवणे धोक्याचे आहे. तेलंगणात विकाराबाद आणि जोगुळांबा गदवाल या जिल्ह्यांतही धारूर नावाची गावे आहेत आणि तो प्रदेशही पूर्वी निजामाच्याच राज्यात होता. परळीकर आडनावाबाबतही हाच पेच आहे. एक परळी वैद्यनाथाची, बीड जिल्ह्यातली. दुसरी सज्जनगडाच्या पायथ्याची, सातारा जिल्ह्यातली. कुलदैवत, गोत्र, वतनाची कागदपत्रे आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी एकमेकींशी जुळल्या, तरच घराण्याचे मूळ गाव खात्रीने सांगता येते.