डाव कोणाचा, नाव कोणाचे? बुद्धिबळाच्या नोंदवहीचा इतिहास

१/ मे १८५५, कलकत्ता. पटाच्या एका बाजूस स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन, दुसऱ्या बाजूस महेशचंद्र बंद्योपाध्याय. तिसऱ्याच चालीला महेशचंद्रांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून पांढऱ्याच्या केंद्राला आव्हान दिले. या मांडणीला आज जग ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणते. एर्न्स्ट ग्रुनफेल्डचा जन्म त्यानंतर ३८ वर्षांनी झाला!

२/ डाव खेळणे वेगळे आणि डाव टिकणे वेगळे. महेशचंद्रांचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत, कारण कॉक्रेनने ते टिपून ठेवले. मात्र बचावाला नाव मिळाले ते १९२२ मध्ये तो खेळणाऱ्या व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डचे. तोवर युरोपात डाव छापणारी मासिके आणि प्रारंभांची पुस्तके यांचे जाळे उभे राहिले होते.

३/ मग नोंद ठेवण्याची कला आपल्याकडे नव्हती काय? होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सुमारे ११२९) चतुरंगाचे प्रकरण आहे. त्या काळी कोल्हापुरात चालुक्यांचा मांडलिक शिलाहार गंडरादित्य राज्य करीत होता. घोड्याने ६४ घरे प्रत्येकी एकदाच कशी फिरावीत, हे त्या ग्रंथात अक्षरांनी सांगितले आहे: पटाच्या एका बाजूस व्यंजने, दुसऱ्या बाजूस स्वर. दोन्ही जुळले की घराचे नाव तयार! आज अक्षर आणि अंक जोडून घर सांगतात, तीही अशीच युक्ती आहे.

४/ पुढे सतराव्या शतकात मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी काशीत ‘नीतिमयूख’ रचला. त्यातही बुद्धिबळ आणि घोड्याची फेरी आहे. म्हणजे घरांना नावे होती, लेखणीही होती. लिहिले गेले ते मुख्यतः कोडे आणि नियम. प्रत्यक्ष खेळलेले डाव मात्र क्वचितच.

५/ याचे एक कारण शिकवण्याच्या रीतीत सापडते. कुस्तीतही ‘डाव’ आणि बुद्धिबळातही ‘डाव’. कोल्हापुरातील तालमीत वस्तादाचा डाव अंगातून अंगात उतरतो, कागदावर नव्हे. पटावरचा डावही असाच पाहून शिकला जाई. शिकवणारा गेला की त्याच्याबरोबर त्याचे डावही जात.

६/ दुसरे कारण नियमांचे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नसे, राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. त्यामुळे प्रारंभ संथ आणि विलायती खेळाहून निराळे असत. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा संस्कृतातील बुद्धिबळग्रंथ इंग्रजीत छापला गेला, तोही ‘युरोपीय पद्धतीला जुळवून’. नियम बदलले आणि जुने प्रारंभज्ञान निरुपयोगी झाले.

७/ विसाव्या शतकात चित्र पालटले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धांची परंपरा उभी केली. स्पर्धेत चाली लिहिणे बंधनकारक असते, म्हणून प्रत्येक खेळाडूपाशी वह्या साठू लागल्या. पण हजार डावांच्या वहीतून नेमका हवा तो डाव शोधणार कसा?

८/ उत्तर बेलग्रेडहून आले. तेथे १९६६ पासून ‘शतरंज इन्फॉर्मेटर’ निघू लागला आणि पुढे सर्व प्रारंभांची ए०० ते ई९९ अशा ५०० खणांत वर्गवारी झाली. ग्रुनफेल्डचा मुख्य खण डी८० पासून सुरू होतो. महेशचंद्रांचा तो डावही आज याच खणात बसतो. शीर्षक मात्र दुसऱ्याचे.

९/ १९८७ मध्ये हॅम्बुर्गच्या ‘चेसबेस’ने हे कपाट संगणकात आणले. गॅरी कास्पारोव्ह त्याच्या पहिल्या वापरकर्त्यांपैकी एक होता. प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव क्षणात समोर येऊ लागले. मात्र हे साधन विकत घ्यावे लागे. ज्याच्यापाशी पैसा, त्याच्यापाशी स्मृती, अशी नवी दरी निर्माण झाली.

१०/ ती बुजवण्याचे पहिले पाऊल १९९३ मध्ये पडले. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ‘पीजीएन’ ही साध्या मजकुराची नोंदपद्धत मांडली. स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल या सात ओळी आणि खाली चाली. ही फाइल कोणत्याही संगणकावर उघडते, डोळ्यांनीही वाचता येते. कोणत्याही एका कंपनीवर ती अवलंबून नाही.

११/ त्यानंतर न्यूझीलंडच्या शेन हडसन यांचे ‘स्किड’ आले. लक्षावधी डाव साठवणे, स्थितीवरून शोध घेणे, प्रारंभाचा खण आपोआप ओळखणे ही सारी कामे ते करते. ते केवळ ‘मोफत’ नाही, ‘मुक्त’ आहे. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे आतील आज्ञावली कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठीत भेद स्पष्ट आहे.

१२/ हा भेद न्यायालयापर्यंतही गेला. ‘स्टॉकफिश’ या मुक्त इंजिनावर आधारित उत्पादने विकताना परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत, असा आक्षेप घेत त्याच्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये चेसबेसवर दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि संबंधित उत्पादनांची विक्री वर्षभर थांबवण्याचे ठरले.

१३/ मग आजच्या खेळाडूने काय निवडावे? हजारो डावांचा संग्रह स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय हवा असेल तर स्किड किंवा त्याची सुधारित आवृत्ती ‘स्किड व्हर्सेस पीसी’. मोबाइलवरून प्रारंभांची प्रकरणे मांडून प्रशिक्षकाला दाखवायची असतील तर ‘लीचेस’ची ‘स्टडी’. इतिहासाने दिलेली कसोटी एकच: सर्व डाव कधीही पीजीएनमध्ये बाहेर काढता येतात काय? येत नसतील, तर ते कपाट कितीही देखणे असो, किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे.

१४/ कोल्हापुरातील एखाद्या मुलीने आज संध्याकाळी खेळलेला डाव सात ओळींच्या शीर्षकासह जपला, तर शंभर वर्षांनंतरही तो तिच्याच नावाने उघडेल. महेशचंद्रांचा डाव टिकला तो दुसऱ्याच्या वहीमुळे. आताच्या पिढीपाशी स्वतःची वही आहे, आणि तिला दमडीही पडत नाही.